घर नव्हते, पण घराचा फोटो होता!

२०२४ सालची भाऊबीज. निमगाव सावाच्या आमच्या पडक्या वाड्याच्या ढेलजेत लहानथोर मिळून एकवीस माणसे एका चित्राभोवती डोकी घालून बसली होती. चित्र आमच्या नव्या घराचे होते. पांढऱ्याशुभ्र भिंती, काचेचा कठडा, पुढे हिरवेगार लॉन, वर निळेभोर आकाश आणि दारात एक लांबलचक परदेशी मोटार! पोरे खूश होती. माझी थोरली चुलती, जिला सारे गाव नानी म्हणते, तिने पदराने चष्मा पुसला, चित्र उजेडाकडे धरले आणि विचारले, "आरं, घर तर आजून बांधलं नाय. मग ह्यो फोटू काढला कशाचा?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या फोटोपायी घरच्या सामाईक पैशांतले चाळीस हजार रुपये मी खर्च केले होते आणि नानीच्या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हते.

न बांधलेल्या घराचे चित्र काढून देणारे स्टुडिओ आता पुण्यामुंबईत गल्लोगल्ली आहेत. या कामाला ‘रेंडरिंग’ म्हणतात, हे मला वर्षापूर्वी ठाऊक नव्हते. त्यातला कोणता स्टुडिओ निवडावा हे मात्र मी चांगलीच किंमत मोजून शिकलो. घर बांधायचे ज्यांच्या मनात आहे, किंवा नुसत्या चित्रावर भाळून फ्लॅटचे पैसे भरायला जे निघाले आहेत, त्यांच्यासाठी ही हकीकत.

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे गाव. तिकडे नाणेघाटाच्या बाजूला धो धो कोसळणारा पाऊस इकडे येईतो पार थकून गेलेला असतो. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांचे पाणी तालुक्यात फिरले, तसा या भागात ऊस आला. उसाबरोबर चार पैसे आले आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही आला. आमच्या वाड्याची घडण या साऱ्याच्या आधीची. खाली घडीव काळा दगड, वर मातीच्या विटा, मधे चौक. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री त्याची मागची भिंत खाली बसली. उरलेल्या दोन खोल्यांत नानी राहते. वय ऐंशीच्या पुढे. तिला मूलबाळ नाही. आम्हां पाच पुतण्यांनाच तिने सुट्ट्यांमधून वाढवले. जवळ एक गाय आणि एक मांजर. मांजर आमचे नाही असे ती दर वेळी सांगते आणि दर वेळी त्याला दूध घालते.

पाच पुतणे म्हणजे पाच वाटेकरी, आणि पाच शहरांत पाच बिऱ्हाडे. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. सगळ्यांनी वर्गणी काढून जुन्या जागी एक घर बांधावे, नानीने त्यात राहावे आणि आम्ही सणावाराला जमावे, ही एक. दुसरी, जागेच्या पाच पट्ट्या पाडाव्या, ज्याने त्याने आपापली विकावी किंवा ठेवावी आणि नानीला आळीपाळीने आपापल्या फ्लॅटवर न्यावे. नानीने आपले मत एकदाच सांगितले होते. "मला तुमच्या आळीपाळीत घालू नका."

थोडक्यात, घर एकमताने ठरले तर नानी गावात राहणार. नाही तर दर तीन महिन्यांनी एका लिफ्टमधून उतरून दुसऱ्या लिफ्टमध्ये चढणार. त्या चित्रावर एवढे सगळे अवलंबून होते.

पुण्याच्या एका वास्तुविशारदाकडून आम्ही नकाशे करवून घेतले होते. माणूस शहाणा, नकाशेही नीट. पण नकाशा वाचता येणे ही वेगळीच विद्या आहे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, समोच्च रेषा पाहून डोंगराचा चढ सांगू शकतो. पण घराच्या नकाशातली खोली उभी राहिल्यावर केवढी वाटेल हे मला सांगता येईना. दादाला जिना मोठा वाटला. धाकट्याला खोल्या लहान वाटल्या. आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघर समजून न्हाणीघराची तारीफ केली. तेव्हा सुनेने सुचवले, "बाबा, रेंडर करून घ्या ना. सगळ्यांना एकदम दिसेल."

सुनेचे म्हणणे खरेच होते. चुकलो मी, माणूस निवडताना.

मी ज्या पहिल्या स्टुडिओत गेलो त्याचे नाव सांगत नाही. नाव सांगून उपयोगही नाही, कारण तसे पुष्कळ आहेत. काचेचे दार, आत गारवा, भिंतीभर मोठाल्या पडद्यांवर बंगले आणि मनोरे झळकत होते. एकापेक्षा एक सुंदर! माझे डोळे दिपले. समोरच्या तरुणाने मला तीनच गोष्टी मागितल्या. नकाशांची फाईल, आवडलेल्या एखाद्या बंगल्याचा नमुना आणि निम्मे पैसे आगाऊ. घर कुठे आहे हे त्याने विचारले नाही. मीच होऊन "निमगाव सावा, तालुका जुन्नर" म्हणालो, तेव्हा त्याने ते पावतीवर लिहून घेतले. पावतीवर लिहिलेले तिथून पुढे चित्रात पोचलेच नाही.

आता हे चित्र होते कसे, ते थोडे सांगतो. कारण ते कळल्याशिवाय खरे-खोटे ओळखता येत नाही. आधी नकाशांवरून संगणकात घराचा ठोकळा उभा करतात. भिंती, खिडक्या, जिना, सगळे मापात. मग त्या ठोकळ्याला कपडे चढवतात; इथे दगड, इथे लाकूड, इथे गिलावा. मग आकाशात सूर्य बसवतात. शेवटी एका जागी कॅमेरा उभा करतात आणि संगणकाला सांगतात, आता हिशेब कर. कोणता किरण कुठे आपटला, तिथून उसळून कुठे गेला, काचेतून किती पार झाला, असा लक्षावधी किरणांचा हिशेब करता करता एकेका चित्राला कधी कधी काही तास लागतात. थ्रीडीएस मॅक्स, स्केचअप, व्ही-रे, ल्युमियन ही यातली नावाजलेली अवजारे. ब्लेंडर तर फुकट मिळते. स्टुडिओवाले या नावांचा मोठा मारा करतात. पण सुताराचा रंधा कोणत्या कंपनीचा हे पाहून कोणी दार करायला देत नाही.

खरी मेख सूर्य आणि कॅमेरा या दोन ठिकाणी आहे.

कॅमेऱ्याचे आधी घेऊ. रुंद कोनाचे भिंग लावले की लहान खोली दिवाणखान्यासारखी दिसते. आमची आठ फुटांची पडवी त्या चित्रात रेल्वेच्या फलाटासारखी लांबरुंद पसरली होती. शिवाय कॅमेरा होता जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे तान्ह्या वासराच्या नजरेतून पाहिलेले घर! तिथून कोणतेही घर भव्यच दिसणार. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात. चित्र त्या उंचीवरून मागावे, आणि भिंग किती रुंद लावले तेही विचारावे.

सूर्याचे मात्र मला भाऊबीजेच्या दिवशीच दिसले. चित्राखाली ‘दिवाळीची प्रसन्न सकाळ’ असे लिहिले होते आणि घराची उत्तरेची भिंत उन्हाने लखलखत होती. निमगाव आहे सुमारे १९ उत्तर अक्षांशावर. दिवाळीत सूर्य आमच्या दक्षिणेकडून जातो. त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडायचे तर पृथ्वीचा आस आधी दुसरीकडे वळवावा लागेल. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो खरा. पण ती काही दिवाळी नव्हे. हे मी बोलून दाखवले तर धाकटा म्हणाला, "दादा, तुम्ही चित्र बघा हो, वर्ग घेऊ नका." मी गप्प बसलो.

नानीला अक्षांश-रेखांशाशी कर्तव्य नव्हते. तिचे बोट चित्रावरून सावकाश फिरत होते.

"ह्ये झाड कुठलं?"

"पाम आहे नानी. शोभेचं."

"आन् आपला लिंब?"

चित्रात लिंब नव्हता. वाड्याच्या नैऋत्येला दोन पिढ्यांचा कडुलिंब आहे, तो गायब. पलीकडच्या भावकीची दोन मजली आंधळी भिंत गायब. विजेचा खांब गायब, पाण्याची टाकी गायब, गोठा गायब. गायीच्या जागी ती मोटार उभी.

"आन् कुपाटी हितकीच? गुडघ्याएवढी?" नानीने लॉनच्या कडेच्या छाटलेल्या झुडपांवर बोट ठेवले. "रातच्याला वाघ आला तर त्याला काय, या बसा म्हनायचं?"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. शहरातल्या वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. पण जुन्नर तालुक्यात पकडलेले आणि जखमी झालेले बिबटे ठेवायला माणिकडोहला खास निवारा केंद्र आहे, यावरून काय ते ओळखावे. संध्याकाळनंतर गोठ्याचे दार लावलेच पाहिजे, अंगणाला भिंत पाहिजे, न्हाणीघरापर्यंत उजेड पाहिजे. ज्या चित्रात हे नाही ते घर आमचे नव्हे. दुसऱ्या कोणाचे तरी, दुसऱ्या कुठल्या तरी देशातले.

मी स्टुडिओला फोन केला. उत्तर आले की करारात दोन फेरबदल फुकट आहेत. झाड बदलणे हा एक, भिंत घालणे हा दुसरा. सूर्य हलवायचा तर पूर्ण चित्र नव्याने, त्याचे पैसे वेगळे. करार मी न वाचता सही केला होता, तेव्हा भांडणार कशावर? पण त्या भाऊबीजेचा खरा तोटा चाळीस हजारांचा नव्हताच. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला ते चित्रातलेच घर हवे झाले. दादा म्हणाला, असले घर बांधायला माझी वर्गणी नाही. रात्री जेवणे झाल्यावर चुलतभाऊ हळूच म्हणाला, "मग वाटण्याच करून टाका." नानी चुलीपाशी होती. तिला ऐकू गेले की नाही कळले नाही. सकाळी तिने सगळ्यांना चहा दिला आणि चित्र गुंडाळून फडताळावर ठेवून दिले.

पुण्याला परतल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो. मास्तराला एकदा नापास केला की तो अभ्यासाला बसतो.

तेव्हा कळले की घर बांधण्याआधी चित्र काढवून घेण्याची ही चाल मुळीच नवी नाही. मुंबईचे बोरीबंदर, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने रचले. त्या इमारतीचे जलरंगातले चित्र १८७८ साली अ‍ॅक्सेल हेग या चित्रकाराने केले. इमारत पुरी व्हायला १८८८ साल उजाडले. म्हणजे चित्रातले बोरीबंदर खऱ्या बोरीबंदरापेक्षा दहा वर्षांनी वडील! हा हेग मूळचा स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचा. लंडनला येऊन तो विल्यम बर्जेससारख्या नामवंत वास्तुविशारदांसाठी असली चित्रे करी. त्याच बर्जेसने १८६६ साली मुंबईच्या कलाशाळेसाठी एक आराखडा केला होता. ती इमारत कधीच झाली नाही, कागदावरच राहिली. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हेग चित्रकार होण्याआधी जहाजबांधणी शिकलेला होता. वस्तू कशी जुळते, भार कुठे पडतो, हे ज्याच्या हातात मुरलेले असते त्याच्या चित्रातला खांब वरच्या ओझ्याला खरोखर पेलतो. मी मनाशी ठरवले, आपल्यालाही असा माणूस हवा, बांधकाम कळणारा.

दुसरी गोष्ट कळली ती आमच्या भाचीमुळे. तिने पुण्यात फ्लॅट घेतला तोही चित्र पाहून, आणि आता खिडकीतून चित्रातल्या बागेऐवजी शेजारच्या इमारतीचे नळ दिसतात. असल्या जाहिरातींच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कलाकाराच्या कल्पनेतून’ असे छापलेले असते. पण एवढे छापले की बिल्डर सुटला, असे समजू नये. स्थावर संपदेचा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून आपल्याकडे ‘महारेरा’चे काम सुरू झाले. त्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते; व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेले पैसे व्याजासह परत मागता येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेही सक्तीचे आहे. फोन त्याच्यासमोर धरला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती दिसते. चित्र पाहावे जरूर. पण त्याच बैठकीत मंजूर नकाशाही पाहावा, आणि जाहिरातीचा कागद रद्दीत घालू नये. आमच्यासारख्या घरगुती बांधकामाला अर्थात हा कायदा लागू नाही. तिथे आपले डोळे हाच कायदा.

असो. स्टुडिओचा शोध पुन्हा सुरू झाला. आधी नातवाने हौसेने एक प्रयोग केला. हल्ली संगणकाला नुसते शब्दांत सांगितले की तो चित्र काढून देतो. नातवाने सांगितले, "महाराष्ट्रातल्या खेड्यातले दगडी घर, कडुलिंब, गाय." मिनिटभरात चार चित्रे हजर! आणि मन प्रसन्न करणारी. पण एकात ओट्याच्या पायऱ्या मोजल्या तर डावीकडून पाच आणि उजवीकडून सात भरल्या. दुसऱ्यात जिना भिंतीत शिरून तिथेच संपला. नकाशा त्याने पाहिलेलाच नव्हता, त्याला दोष काय द्यायचा? कोणत्या धर्तीचे घर हवे हे ठरवायला असली चित्रे बरी. गवंड्याच्या हातात देऊ नयेत. नंतर एका परप्रांतातल्या स्टुडिओने फोनवर निम्म्या दरात काम करायची तयारी दाखवली. त्यांनाही मी एकच प्रश्न विचारला. तोवर माझा तो प्रश्न ठरून गेला होता.

"तुम्ही केलेले एखादे चित्र, आणि ते घर बांधून झाल्यावर त्याच जागेवरून काढलेला फोटो, असे दोन्ही शेजारी ठेवून दाखवता का?"

निम्म्या दरवाल्यांनी फोन ठेवला. आणखी एका ठिकाणी मला पुन्हा एकदा मनोऱ्यांच्या चित्रांचा अल्बम दाखवण्यात आला. शेवटी सदाशिव पेठेत, एका दुकानाच्या वरच्या खोलीत, एक तरुण जोडपे भेटले. ती वास्तुशास्त्र शिकलेली, तो संगणक सांभाळणारा. खोलीत दोन टेबले, एक पंखा आणि एक बडबडणारा संगणक. माझा प्रश्न ऐकून तिने निमूटपणे एक फाईल उघडली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला फोटो. घर तळेगावच्या बाजूचे होते. खिडक्या जिथल्या तिथे, सावली जवळजवळ तीच. फोटोत भिंतीचा रंग जरा फिका होता. तीच आपण होऊन म्हणाली, "हा रंग आमचा चुकला. पडद्यावर दिसतो तसा गिलाव्यावर येत नाही. आता आम्ही रंगाचा तुकडा मागवून घेतो." ज्याने आपली चूक स्वतः दाखवली, त्याच्याकडे काम द्यायला माझी हरकत नव्हती.

नंतर तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला घाम फुटला. उत्तर दिशा नकाशावर दाखवलीय, ती होकायंत्राने पाहिलीय का? लिंब किती उंच? शेजारची भिंत आपल्या हद्दीपासून किती फुटांवर? दगड जुनाच वापरणार की नवा, आणि जुना असेल तर त्याचा फोटो आहे का? दुपारी घरात कोण असते? बाहेर बसायची वेळ कोणती? पहिल्या स्टुडिओने चाळीस हजारांत यातला एक प्रश्न विचारला नव्हता. हिने चहाच्या एका कपात चौदा विचारले. पाच मला येत नव्हते.

पैशाचे बोलणेही तिने स्वच्छ केले. चित्राला दर पहिल्या स्टुडिओपेक्षा थोडा जास्त. पण फिरणारा सिनेमा वगैरे काही नको, तीन चित्रे पुरेत असे तिनेच सांगितले, त्यामुळे एकूण खर्च कमी झाला. आधी बिनरंगाचे, पांढऱ्या ठोकळ्याचे चित्र दाखवणार. त्यात हवे तेवढे बदल करा. रंग-दगड चढल्यावर मात्र प्रत्येक बदलाचे पैसे. ही पांढऱ्या चित्राची पायरी फार महत्त्वाची आहे. रंगीत चित्र समोर आले की माणूस पडद्यांच्या रंगावर वाद घालतो आणि जिना चुकलेला राहून जातो. ए-थ्री कागदावर स्वच्छ छापता येईल असे, म्हणजे सुमारे ५,००० गुणिले ३,५०० बिंदूंचे चित्र देणार, आणि संगणकातला घराचा ठोकळाही शेवटी आमच्या हवाली करणार. हे सारे एका पानावर लिहून तिने सही केली. या खेपेला मी ते वाचले.

फेब्रुवारीत दोघे नारायणगावला उतरून निमगावला आली. त्याने लिंबाचे, भिंतीचे, खांबाचे फोटो काढले. ती नानीशेजारी जमिनीवर बसून राहिली. नानीने तिला दिवसभराचा रगाडा सांगितला. पहाटे गाय, मग चूल, दुपारी ओट्यावर धान्य निवडणे, संध्याकाळी त्याच ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द. ती सगळे वहीत लिहीत होती. "ही पोर काय मोजनीवाली हाय का?" नानीने मला आत बोलावून विचारले.

गुढीपाडव्याला पांढरी चित्रे आली. नवी पडवी वास्तुविशारदाने पश्चिमेला घेतली होती, कारण गाडीचा रस्ता आता तिकडे झाला आहे. आम्हां कोणालाच त्यात काही वावगे वाटले नव्हते. तिने पडवीचे चित्र मुद्दाम एका ठरावीक वेळेचे केले होते. खाली लिहिले होते, ‘१५ मे, दुपारी ४ वाजता’. सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर. ऊन छपराखालून शिरून सरळ आतल्या भिंतीला टेकले होते. पडवीत सावलीची एक पट्टीसुद्धा शिल्लक नव्हती.

नानीने ते चित्र बराच वेळ पाहिले.

"हितं मी बसायचं?"

कोणी बोलले नाही.

"निवडायला घेतलेलं धान्य हितं भाजूनच निघंल," ती म्हणाली. "जुना ओटा उगवतीला व्हता. माझ्या सासऱ्याला काय येड लागलं व्हतं का?"

धाकट्याच्या बायकोने पहिल्यांदा तोंड उघडले. ती म्हणाली, "नानींचं बरोबर आहे. माझ्या फ्लॅटची बाल्कनी पश्चिमेला आहे. मे महिन्यात तिथं कपडे सोडून कोणी राहत नाही." माहेरची माणसे सोडून आमच्या घरात ती नानीच्या बाजूने बोलली ती बहुधा पहिलीच वेळ.

वास्तुविशारद आधी थोडे नाराज झाले. पण चित्र पाहिल्यावर त्यांनीच पेन्सिल घेतली. ओटा आणि पडवी पूर्वेला गल्लीकडे गेली. पश्चिमेला जाड दगडी भिंत, लहान खिडक्या आणि गाडीसाठी वेगळे फाटक. गोठा उत्तरेला, घराला लागून, आतून दार असलेला. म्हणजे रात्री गायीकडे जाण्यासाठी नानीला अंगणात उतरायला नको. धाकट्याला काचेचा कठडा हवाच होता. तो वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीपुढे मिळाला. कागदावर हे सगळे दोन दिवसांत झाले. पाया भरल्यावर लक्षात आले असते तर?

रंगीत चित्रे आली ती साधीच होती. आकाश जरा धुळकट, लिंब आपला, भावकीची आंधळी भिंत आपली, गच्चीवर काळी टाकीसुद्धा दिसत होती. पोरांनी "वॉव" म्हटले नाही. दादाने मात्र चित्र हातात घेऊन विचारले, "इथं माझी खाट मावेल ना?" आणि मग प्रत्येक जण आपापली जागा शोधू लागला. त्याच बैठकीत पाचही जणांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. वाटण्यांचा विषय कोणी काढला नाही.

अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन झाले. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि खणलेल्या पायात गुडघाभर पाणी साचले; महिनाभर काम बंद. पण आता भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आहेत. नानीने ओट्याचे चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चुलीमागच्या खुंटीला अडकवले आहे. परवा मी गेलो तेव्हा गवंडी वैतागलेला दिसला. गोठ्याच्या दाराची चौकट त्याने वीतभर सरकवून बसवली होती, आणि नानी पिशवीतून चित्र काढून त्याच्यापुढे धरून उभी होती.

"फोटूत बघ," ती म्हणत होती. "ह्या फोटूत दार लिंबाच्या सावलीच्या अलीकडं हाय का पलीकडं, तेवढंच सांग मला."